ल्यूथरच्या सावलीतला गुरू : फिलिप मेलांक्थॉन

युरोपातील धर्मसुधारणेचा विषय निघाला म्हणजे मार्टिन ल्यूथरचे नाव आपोआप ओठांवर येते. क्रमिक पुस्तकात तर त्याच्यापलीकडे फारसे कुणी दिसतच नाही. परंतु कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट यांनी समोरासमोर बसून आपला मतभेद नेमका कोठे आहे हे शोधण्याचा जो प्रयत्न सोळाव्या शतकात केला, त्याची हकीकत सांगायची तर फिलिप मेलांक्थॉनकडे वळावे लागते.

त्याचा जन्म १६ फेब्रुवारी १४९७ रोजी जर्मनीतील ब्रेटेन या गावी झाला. वडील शस्त्रे व चिलखते बनविणारे कारागीर. घराण्याचे आडनाव श्वार्त्सएर्ड, म्हणजे काळी माती. रॉयख्लिन या विद्वान नातलगाने त्याचे ग्रीक रूपांतर केले, तेच मेलांक्थॉन. चौदाव्या वर्षी तो हायडेलबर्गचा बी. ए. झाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच आणि एकोणिसाव्या वर्षी अजून दुसऱ्या वर्गात, तेव्हा हे वाचून थोडे दडपणच आले! एम. ए.ची पदवी मात्र वय लहान म्हणून त्याला नाकारण्यात आली. मग ट्युबिंगेनला जाऊन १५१४ मध्ये त्याने ती मिळविली. १५१८ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो व्हिटेनबर्ग विद्यापीठात ग्रीकचा प्राध्यापक झाला. तेथेच ल्यूथरशी त्याची गाठ पडली.

ल्यूथर वादळासारखा, तर हा मितभाषी, भित्रा म्हणावा इतका शांत. ल्यूथरच्या विचारांना पद्धतशीर ग्रंथरूप पहिल्यांदा यानेच १५२१ मध्ये दिले. १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने ऑग्सबर्गला सभा बोलाविली. ल्यूथर बहिष्कृत असल्यामुळे तो कोबुर्गच्या किल्ल्यातच राहिला आणि श्रद्धापत्रिका लिहिण्याचे काम मेलांक्थॉनवर आले. २५ जूनला ती सभेत वाचली गेली. तिच्या २८ कलमांपैकी पहिली २१ आपण काय मानतो ते सांगणारी, तर उरलेली सात चर्चमध्ये शिरलेल्या अनिष्ट प्रथांविषयीची. भाषा शक्य तितकी सौम्य होती. इतके जपून पाऊल टाकणे आपल्याला जमले नसते, असे ल्यूथरनेही कळविले. १५३७ च्या श्माल्काल्ड कलमांवर सही करताना तर त्याने आपला वेगळा अभिप्राय स्पष्ट लिहून ठेवला : पोप शुभवर्तमानाला वाव देणार असेल, तर शांततेसाठी, मानवी व्यवस्था म्हणून, त्याचे श्रेष्ठत्व मान्य करता येईल. आपल्याच पक्षाच्या मंडळींत हे लिहिणे सोपे नव्हते.

खरी कसोटी लागली ती १५४१ मध्ये रेगेन्सबर्गला. कॅथॉलिक बाजूने एक, ग्रोपर आणि प्फ्लुग. प्रॉटेस्टंट बाजूने मेलांक्थॉन, बुत्सर आणि पिस्टोरियस. पोपचे प्रतिनिधी म्हणून कार्डिनल कोन्तारिनी आले होते. तेही मनापासून समेट इच्छिणारे. माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो, हा सर्वांत कडवा वाद. आश्चर्य म्हणजे २ मे रोजी त्याच कलमावर एकमत झाले! पण हा आनंद फार टिकला नाही. त्या कलमाचा अर्थ दोन्हीकडून आपापल्या सोयीने लावता येत होता. ल्यूथरला ते ठिगळे जोडल्यासारखे वाटले आणि रोमनेही ते स्वीकारले नाही.

पुढे प्रभुभोजनाचा प्रश्न आला. भाकर आणि द्राक्षारस यांचे रूप व चव तीच राहून मूळ द्रव्यच ख्रिस्ताच्या शरीरात व रक्तात पालटते, अशी कॅथॉलिक शिकवण. १२१५ च्या धर्मपरिषदेने त्यासाठी वापरलेला शब्द मसुद्यात हवाच, असा कोन्तारिनींनी आग्रह धरला. मेलांक्थॉनने तो मानला नाही. येथे बोलणी अडली ती अडलीच. पुष्कळ लेखक याबद्दल कोन्तारिनींना दोष देतात. मला तसे वाटत नाही. दोन अर्थांच्या शब्दाखाली मतभेद झाकण्यापेक्षा तो उघड सांगणे, हा समोरच्याचा मानच होय. नीतिमत्त्वाच्या त्याच प्रश्नावर पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, ऑग्सबर्गलाच, कॅथॉलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. तेथे उरलेले मतभेदही लिहून ठेवले आहेत.

मेलांक्थॉनला मात्र शब्द मऊ करण्याचा मोह शेवटपर्यंत सुटला नाही. १५४० मध्ये ऑग्सबर्ग पत्रिकेतील प्रभुभोजनाचे कलम त्याने स्वतःच बदलले. ल्यूथरच्या मृत्यूनंतर, १५४८ मध्ये, सम्राटाच्या दडपणाखाली काही जुने विधी गौण म्हणून चालवून घ्यायला तो तयार झाला. तेव्हा फ्लाकियुससारखे त्याचे जुने विद्यार्थीच त्याच्यावर तुटून पडले. आणि १५५३ मध्ये जिनीव्हात सर्व्हेटसला जिवंत जाळले गेले, त्याला या सौम्य माणसाने पत्राने संमती कळविली. चरित्र लिहिताना हे वगळता येत नाही.

१५५७ मध्ये वर्म्सला पुन्हा एकदा बोलणी झाली. या वेळी प्रॉटेस्टंटांमधलीच फूट चव्हाट्यावर आली आणि सारे फिसकटले. त्याच दिवसांत पत्नी काटारिना वारल्याची बातमी त्याला घरापासून दूर कळली.

मृत्यूपूर्वी एका कागदावर त्याने मरणाला का भिऊ नये याची कारणे मांडली होती. धर्मपंडितांच्या संतापातून सुटका होईल, हे त्यांपैकी एक. १९ एप्रिल १५६० रोजी व्हिटेनबर्गला तो वारला. तेथील किल्ल्यातल्या चर्चमध्ये, ल्यूथरच्या शेजारीच, त्याला पुरले आहे.