थोर संशोधक फ्रीड्रिख मीशर

मोहरीचा दाणा अगदीं लहान असतो. पण त्याचें झाड झालें म्हणजे आकाशांतील पांखरेंहि त्याच्या आश्रयास येतात, हा प्रभु येशूचा दृष्टांत आपण सर्वांनीं ऐकला आहे. विद्येच्या क्षेत्रांतहि असेंच घडतें. आज डी. एन. ए. व आर. एन. ए. हीं नांवें शाळेंतील मुलांच्याहि तोंडीं आहेत; पण या विद्येचा पहिला दाणा ज्यांनीं पेरला, त्या फ्रीड्रिख मीशर यांचें नांव फार थोड्यांस ठाऊक असतें.

मीशर यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील बाझल शहरीं १३ ऑगस्ट १८४४ रोजीं झाला. वडील वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक होते व मामा विल्हेल्म हिस हे नामांकित शरीररचनाशास्त्रज्ञ होते. तरुणपणीं मीशर यांच्या मनांत धर्मोपदेशक व्हावयाचें होतें. परंतु वडिलांच्या इच्छेप्रमाणें त्यांनीं वैद्यकीचा अभ्यास केला व १८६८ सालीं पदवी मिळविली. त्यांना कमी ऐकूं येत असे. रोग्याची छाती तपासणाऱ्या वैद्याचे कान तीक्ष्ण असावे लागतात. म्हणून त्यांनीं प्रयोगशाळेची वाट धरली. जें व्यंग आड आलें, तेंच त्यांना त्यांच्या खऱ्या कार्याकडे घेऊन गेलें.

त्याच वर्षीं ते जर्मनींतील ट्यूबिंगेन येथें होप्पे-झायलर या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखालीं काम करावयास गेले. तेथील प्रयोगशाळा जुन्या किल्ल्यांत होती आणि मीशर यांच्या वांट्यास किल्ल्याचा मुदपाकखाना आला. पेशी कोणत्या द्रव्यांच्या बनलेल्या असतात, हें त्यांना शोधावयाचें होतें. त्यासाठीं त्यांनीं पुवांतील पांढऱ्या पेशी निवडल्या. रुग्णालयांतून जखमांवरच्या पुवानें भिजलेल्या पट्ट्या ते मागवीत. ज्या वस्तूकडे पाहून इतरांनीं नाक मुरडावें, तीच धुवून ते पेशी गोळा करीत. मग डुकराच्या जठरांतील पाचक रसानें प्रथिनें विरघळवून ते पेशींचीं केंद्रें निराळीं काढीत. १८६९ सालीं त्या केंद्रांतून त्यांना एक नवाच पदार्थ मिळाला. पाचक रसानें तो पचत नसे आणि त्यांत स्फुरद हें मूलतत्त्व पुष्कळ प्रमाणांत होतें. त्यास त्यांनीं न्यूक्लीन असें नांव दिलें.

आतां त्यांच्या धीराची कसोटी लागली. गुरूंना हा शोध इतका विलक्षण वाटला कीं, स्वतः प्रयोग करून पाहिल्यावांचून तो छापावयास ते तयार होईनात. मध्यंतरीं फ्रान्स व प्रशिया यांच्यामध्यें युद्धहि जुंपलें. तरुण शिष्यास ही दिरंगाई किती जड गेली असेल! अखेर गुरूंची खात्री पटली व १८७१ सालीं निबंध प्रसिद्ध झाला. परीक्षा कठोर होती. पण तींतून पार पडलेलें सत्य पुढें कोणास खोडतां आलें नाहीं.

१८७२ सालीं मीशर बाझल येथें प्राध्यापक झाले. ऱ्हाईन नदींतील सॅमन माशांच्या रेतापासून त्यांनीं अधिक शुद्ध न्यूक्लीन मिळविलें. पदार्थ नासूं नये म्हणून कडक थंडींत, शेगडी न पेटवितां, ते तासन् तास काम करीत. नव्या जीवाच्या उत्पत्तीस एकच पदार्थ कारण असेल, तर तो न्यूक्लीनच असावा, हा विचार १८७४ सालीं त्यांच्या मनांत येऊन गेला. परंतु सृष्टींतील एवढें वैचित्र्य एका पदार्थानें साधेल, हें त्यांना पटेना आणि त्यांनीं तो विचार सोडून दिला. सत्याच्या उंबरठ्यावरून ते परतले. पण पुराव्यावांचून मोठेपणा मिरविण्याचा मोह त्यांना कधीं झाला नाहीं.

अतिश्रमानें प्रकृति ढासळली, क्षयानें गांठलें आणि २६ ऑगस्ट १८९५ रोजीं डाव्होस येथें, वयाच्या ५१ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. त्यांचे विखुरलेले लेख मामांनीं एकत्र करून १८९७ सालीं प्रसिद्ध केले.

पेरलेलें मात्र वायां गेलें नाहीं. १८८९ सालीं आल्टमान यांनीं न्यूक्लीनच्या शुद्ध रूपास न्यूक्लिक अॅसिड हें नांव दिलें. कोसेल यांनीं त्याचे घटक शोधले व १९१० सालीं नोबेल पारितोषिक मिळविलें. यीस्टमधील न्यूक्लिक अॅसिडांत रायबोज नांवाची साखर आहे, असें लेव्हीन यांनीं १९०९ सालीं दाखविलें. त्या साखरेवरूनच आर. एन. ए. हें नांव पडलें. १९४४ सालीं एव्हरी व त्यांचे सहकारी यांनीं आनुवंशिक गुण डी. एन. ए. वाहून नेतें, हें दाखविलें. केंद्रांतील आज्ञा पेशींत पोंचविणारें दूत आर. एन. ए. १९६१ सालीं सांपडलें. अविभाजित हिंदुस्थानांत जन्मलेले हरगोविंद खुराना यांनाहि याच सांकेतिक भाषेचा उलगडा केल्याबद्दल १९६८ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. पुढें २०२० सालीं कोविडच्या सांथीविरुद्ध आर. एन. ए. पासून बनविलेली लस लोकांना मिळूं लागली.

विद्यार्थिमित्रांनो, त्या मुदपाकखान्यांत घाणेरड्या पट्ट्या धुणाऱ्या तरुणास यांतील कांहींच दिसलें नव्हतें. समोरचें काम हलकें न मानतां तें चोख करणें, एवढेंच त्याच्या हातीं होतें. आपल्याहि हातीं तेवढेंच असतें.