श्वासामागचे प्रथिन शोधणाऱ्या कमलाबाई सोहोनी

श्वासाचे मोल आपल्या भोपाळला १९८४ च्या वायुदुर्घटनेने शिकवले. फुफ्फुसांतला प्राणवायू पेशींत पोचल्यावर पुढे काय होते, या विषयावर संशोधन करणाऱ्या कमलाबाई सोहोनी यांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

त्यांचा जन्म १९११ साली आपल्या इंदूरचा. माहेरचे आडनाव भागवत. लेखिका दुर्गा भागवत त्यांच्या भगिनी. १९३३ मध्ये उत्तम गुणांनी बी.एस्सी. होऊनही बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एक वर्षाच्या कडक अटींवर प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून पुढे तेथे मुलींना दार उघडले.

केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ असते, हे त्यांनी दाखवले. अमिनो आम्लांच्या साखळीचे हे छोटे प्रथिन पेशींच्या श्वसनाला लागते. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली, प्रबंध अवघा ४० पानांचा! मायदेशी परतून त्यांनी कडधान्ये व नीरा यांच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला. १९९८ मध्ये त्या निवर्तल्या.

पालकहो, विश्वस्तहो, आपल्या मुलींना प्रयोगशाळेची वाट मोकळी असावी, एवढीच आमची विनंती.