डॉ. रॉबर्ट मॅककॅरिसन : अन्नातून आरोग्याचा शोध घेणारे तपस्वी



आपल्या हैदराबाद नगरीत उस्मानिया विद्यापीठाच्या परिसरालगत, तार्नाका येथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. या रस्त्याने आपण अनेकदा जातो. परंतु या संस्थेचे मूळ 1918 साली निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथे सुरू झालेल्या एका छोट्याशा प्रयोगशाळेत आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. ती प्रयोगशाळा उभारणाऱ्या डॉ. रॉबर्ट मॅककॅरिसन यांचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने सादर करीत आहोत. ते परदेशी होते, परधर्मीय होते. तरीही आपल्या ताटातील अन्नाचा त्यांच्याइतका खोल विचार करणारे वैद्य विरळाच.

हे चरित्र आताच सांगण्यास एक कारण आहे. आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार पाळणारी अनेक कुटुंबे आहेत. त्याच कुटुंबांत आज मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार घर करून बसले आहेत. शाकाहार सात्त्विक असूनही असे का व्हावे, हा प्रश्न आम्हांला अनेक भाविक विचारतात. डॉ. मॅककॅरिसन यांच्या जीवनकार्यात त्याचे बरेचसे उत्तर सापडते.

जन्म व भारतात आगमन

रॉबर्ट मॅककॅरिसन यांचा जन्म 15 मार्च 1878 रोजी आयर्लंडमधील पोर्टाडाऊन या गावी झाला. बेलफास्ट येथे वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून ते 1901 साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले आणि भारतात आले. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांची नेमणूक चित्रालच्या दुर्गम सरहद्दीवर झाली. पुढे ते गिलगिट येथे शल्यचिकित्सक म्हणून गेले व तेथे त्यांनी सुमारे सात वर्षे काढली.

गिलगिटच्या परिसरात गलगंडाचा विकार फार होता. एकाच पाटाचे पाणी जसजसे गावांमागून गावे ओलांडत खाली जाई, तसतसे गलगंडाचे प्रमाण वाढत जाई, हे त्यांच्या ध्यानात आले. खातरजमा करण्यासाठी त्यांनी त्या दूषित पाण्यातील गाळ स्वतः सेवन केला. जे रुग्णांच्या वाट्यास येते ते आधी आपल्या देहावर पडताळून पाहावे, अशी त्यांची वृत्ती होती.

याच काळात शेजारच्या हुंझा खोऱ्यातील लोक त्यांनी जवळून पाहिले. भरडधान्ये, कडधान्ये, भाज्या, जर्दाळू, दूध व ताक आणि क्वचित मांस असा त्यांचा साधा आहार होता. पोटातील व्रण, आंत्रपुच्छाचा दाह यांसारखे विकार त्यांच्यात आढळत नाहीत, याचे त्यांना मोठे नवल वाटले. हुंझातील माणसे शंभराहून कितीतरी अधिक वर्षे जगतात अशा कथा पुढे जगभर पसरल्या. त्यांना नोंदींचा आधार नाही. मॅककॅरिसन यांच्या मनात मात्र तेथे एक प्रश्न कायमचा रुजला. वैद्य रोगाचा अभ्यास करतो, मग आरोग्याचा अभ्यास कोणी करावा?

कुन्नूरची प्रयोगशाळा

पहिल्या महायुद्धातील सेवेनंतर 1918 साली त्यांनी कुन्नूर येथील पाश्चर संस्थेत बेरीबेरी या विकाराच्या संशोधनास प्रारंभ केला. या रोगात पायांतील बळ जाते, हृदय दुबळे होते. गिरणीत पांढराशुभ्र केलेल्या तांदळावरच जगणाऱ्यांना तो जडतो. तांदळाचा कोंडा व अंकुर निघून गेला की त्यांतील जीवनसत्त्वही जाते. उरलेसुरले वारंवार धुण्यात व शिजवून पेज ओतून देण्यात नष्ट होते.

कबुतरे व माकडे यांना निकृष्ट आहार देऊन त्यांनी जे पाहिले, ते अधिक विचार करावयास लावणारे होते. रोगाची उघड लक्षणे दिसण्याच्या कितीतरी आधी आतडी व शरीरातील ग्रंथी यांची हानी सुरू झालेली असे. निकृष्ट अन्नाने येणारा विकार एका दिवसात येत नाही. तो दररोज थोडा थोडा साचत जातो. आज ज्यांना आपण दीर्घकालीन विकार म्हणतो, त्यांतील अनेकांची चाल अशीच असते.

1923 साली सरकारी काटकसरीत या कामाचा निधी बंद झाला आणि मॅककॅरिसन यांना ते सोडून जावे लागले. परंतु ते खचले नाहीत. 1925 साली काम पुन्हा सुरू झाले आणि त्यातूनच पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळा आकारास आली.

सात प्रांतांची सात ताटे

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग आपणा मराठी जनांस विशेष जवळचा वाटेल. सारख्या वयाच्या व वजनाच्या पांढऱ्या उंदरांचे गट करून त्यांनी प्रत्येक गटास भारतातील एकेका समाजाचा आहार दिला. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली व मद्रासी अशी ही सात ताटे होती. शीख आहारावरील उंदरांचे सरासरी वजन 235 ग्रॅम भरले, मराठी आहारावरील 225 ग्रॅम. तर मद्रास प्रांतातील गरिबांच्या, पांढऱ्या तांदळावर विसंबलेल्या आहारावरील उंदरांचे अवघे 155 ग्रॅम. सात ताटांत आपले ताट तिसरे आले.

शीख पद्धतीच्या आहारात अख्ख्या गव्हाच्या चपात्या, थोडे ताजे लोणी, मोड आलेली कडधान्ये, गाजर व कोबी यांसारख्या कच्च्या भाज्या, भरपूर दूध आणि आठवड्यातून एकदा थोडे मांस असे. या आहारावरील उंदरांचा मोठा समूह त्यांनी दोन वर्षांहून अधिक काळ पाळला. माणसाच्या आयुष्याशी तुलना करता हा काळ सुमारे पन्नास वर्षांचा होतो. त्या समूहात रोग जवळजवळ आढळलाच नाही. निकृष्ट आहारावरील उंदरांना मात्र फुप्फुसांचे, पोटाचे व आतड्यांचे नाना विकार जडले. पांढरा पाव, मार्गारीन, जॅम, गोड चहा व उकडून निःसत्त्व केलेल्या भाज्या हा इंग्लंडमधील गरिबांचा आहार ज्या उंदरांना दिला, ते आपसांत भांडू लागले आणि दुबळ्या सोबत्यांना मारून खाऊ लागले.

या मुक्या जीवांचे हाल वाचून मनास क्लेश होतात. उंदरांवरून काढलेला निष्कर्ष माणसास जसाच्या तसा लागू होत नाही, हेही खरे. तथापि अख्खी धान्ये, कडधान्ये, भाज्या व फळे यांनी युक्त आहार घेणाऱ्यांत हृदयविकार व मधुमेह यांचे प्रमाण कमी असते, हे पुढील काळात माणसांवर झालेल्या अनेक मोठ्या अभ्यासांतूनही दिसून आले आहे.

उत्तरायुष्य

1933 साली मॅककॅरिसन यांना सर हा किताब मिळाला. 1935 साली निवृत्त होऊन ते मायदेशी परतले. 1936 साली लंडन येथे दिलेल्या व्याख्यानांतून त्यांनी आपल्या जन्मभराच्या कार्याचे सार मांडले. 18 मे 1960 रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांचे देहावसान झाले. त्याआधी दोनच वर्षे, 1958 साली, त्यांची प्रयोगशाळा कुन्नूरहून आपल्या हैदराबादेत आली होती. 1969 साली तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले.

आम्ही यातून काय घ्यावे?

आरंभीच्या प्रश्नाकडे आता वळू या. मांस वर्ज्य केले एवढ्याने ताट आरोग्यदायी होत नाही. पांढरा भात, मैद्याची पुरी, तळण, मिठाई व गोड चहा हे सारे शाकाहारीच आहे. एकादशीस साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस व तुपातील शिरा यांनी भरलेले ताटही शाकाहारीच आहे. परंतु मॅककॅरिसन यांनी ज्यास बळ म्हटले, तो कोंडा, मोड, पालेभाजी व ताजे फळ त्यात कोठे आहे? अख्ख्या धान्यातील व डाळींतील तंतूंमुळे रक्तातील साखर सावकाश वाढते. भाज्या व फळे रक्तदाब आटोक्यात ठेवण्यास साहाय्य करतात. आजींच्या हातची ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर व ताक हे ताट निष्कारण घडले नव्हते.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. 2024 साली राष्ट्रीय पोषण संस्थेने सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीनुसार देशातील एकूण रोगभारापैकी 56.4 टक्के भार सदोष आहारामुळे येतो. दररोज 2000 कॅलरी लागणाऱ्या व्यक्तीसाठी तीत सुमारे 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळे, 85 ग्रॅम डाळी वा कडधान्ये, 300 मिलिलिटर दूध आणि केवळ 250 ग्रॅम धान्ये सुचविली आहेत. आपल्या घरी धान्य व भाजी यांचे प्रमाण नेमके उलटे असते, हे प्रत्येकाने आपल्या ताटाकडे पाहून ताडावे.

दूधही न घेणाऱ्यांनी ब-12 जीवनसत्त्वाविषयी वैद्यांचा सल्ला अवश्य घ्यावा, कारण ते वनस्पतिजन्य अन्नातून पुरेसे मिळत नाही. ज्यांची औषधे चालू आहेत त्यांनी आहार बदलताना ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

अन्न हे पूर्णब्रह्म आहे, असे आपण जेवणापूर्वी नित्य म्हणतो. त्या पूर्णब्रह्माचा कोंडा काढून, अंकुर काढून, पांढरे करून आपण ते अपूर्ण करीत तर नाही ना, एवढा विचार प्रत्येक घरी व्हावा. उद्याच्या नैवेद्याच्या ताटात एक मूठ मोड आलेले मूग व एक पालेभाजी अधिक वाढावी, ही आम्हां सर्वांची नम्र विनंती.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.