लगूनमधील शेवाळाचा अभ्यासक

लगूनमध्ये चालताना पायाला शेवाळ लागले की आपण ते झटकून पुढे जातो. पण याच शेवाळासाठी सारे आयुष्य वेचणारे एक विद्वान डेन्मार्कमध्ये होऊन गेले. त्यांचे नाव फ्रेडरिक बोर्गेसेन.

त्यांचा जन्म १८६६ सालचा. कोपनहेगनला त्यांना वॉर्मिंग यांच्यासारखे थोर गुरू लाभले. वनस्पती ओळखायची तर ती कोठे व कोणाच्या शेजारी वाढते हेही पाहावे, ही गुरूंची शिकवण. पुढे बोर्गेसेन वनस्पती उद्यानाचे ग्रंथपाल झाले, पण त्यांचे मन समुद्रातच रमले.

वेस्ट इंडीजमधील तीन बेटे १९१७ पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होती. तेथे जाऊन त्यांनी कौलर्पा या हिरव्या शेवाळाचा अभ्यास केला. हे शेवाळ कितीही पसरले तरी त्याची पेशी एकच असते! १९०७ साली त्यांनी दाखवून दिले की शेवाळाचे रूप जागेप्रमाणे ठरते. शांत पाण्यात काही जाती खारफुटीच्या मुळांवर गाळ धरून राहतात. समुद्री गवताजवळच्या वाळूत काही जाती मुळांसारखे तंतू खोल रोवतात. लाटांच्या माऱ्यात काही जाती प्रवाळाच्या खडकाला घट्ट बिलगतात.

१९२७-२८ च्या हिवाळ्यात ते हिंदुस्थानात आले. आपले पूर्वज ज्या मुंबईहून जहाजात बसले, तेथील किनाऱ्यावरची शेवाळेही त्यांनी गोळा केली.

१९३५ साली ते निवृत्त झाले. मग त्यांनी मॉर्टेनसेन आणि व्हॉन यांनी मॉरिशसमध्ये जमवलेले नमुने हाती घेतले. पहिला भाग १९४० साली निघाला. त्याच वर्षी जर्मन सैन्य डेन्मार्कमध्ये शिरले. तरीही वृद्ध बोर्गेसेन आपल्या बेटाच्या शेवाळांची नोंद करीतच राहिले, आणि पुढचे भाग एकामागून एक निघत गेले. १९५६ साली त्यांचे निधन झाले. अखेरचा भाग १९५७ साली प्रसिद्ध झाला.

या कष्टांचे मोल आज कळते. चुनखडीयुक्त शेवाळे प्रवाळाची भिंत सांधतात. पण सांडपाणी व खते लगूनमध्ये उतरली, शेवाळ खाणारे मासे कमी झाले, की मऊ शेवाळ माजते आणि प्रवाळ गुदमरते. पूर्वी येथे काय वाढत होते हे ठाऊक असेल, तरच काय बिघडले ते समजेल. ती जुनी वही बोर्गेसेन यांनी आपल्यासाठी लिहून ठेवली आहे. लगून जपणे मात्र आपल्या हाती आहे.