गेट खराब करणाऱ्या पोरांना त्याने जेवायला बोलावलं, आणि तिथूनच स्काऊटच्या बॅजची गोष्ट सुरू झाली

साल २०१०. अमेरिकेतल्या बॉय स्काऊट्सना १०० वर्षं झाली होती. त्यानिमित्त संस्थेने चार जुने, बंद पडलेले मेरिट बॅज फक्त एका वर्षासाठी परत आणले. सुतारकाम, सिग्नल देणं, वाट दाखवणं आणि माग काढणं. अटीही शंभर वर्षांपूर्वीच्या धाटणीच्याच. त्यामुळे मोबाईलच्या जमान्यातली पोरं गुण्या आणि ओळंबा वापरायला, मोर्स कोडमध्ये निरोप धाडायला आणि जनावरांचे ठसे ओळखायला बसली.

काम करून दाखवा आणि मान मिळवा, ही कल्पना अमेरिकेतल्या पोरांमध्ये रुजवणारा माणूस म्हणजे अर्नेस्ट थॉम्पसन सेटन. आणि याच संस्थेतून त्याला बाहेर पडावं लागलं होतं.

सेटनचा जन्म १८६० चा, इंग्लंडमधल्या साऊथ शिल्ड्सचा. तो सहा वर्षांचा असताना कुटुंब कॅनडात गेलं. बाप भयंकर कडक. सेटनने आत्मचरित्रात सांगितलंय की, तो २१ वर्षांचा झाल्यावर बापाने वही काढली आणि जन्माच्या वेळच्या डॉक्टरच्या फीपासूनचा सगळा खर्च त्याच्यापुढे ठेवला. एकूण ५३७ डॉलर ५० सेंट. पोराला वाढवल्याचं बिल!

पोरगा चित्रकार झाला, पण जीव अडकलेला रानात. १८९३ मध्ये न्यू मेक्सिकोत गुरं मारणाऱ्या लांडग्यांना संपवायचं काम त्याने घेतलं. लोबो नावाचा म्होरक्या विषाला फसेना, सापळ्याला फसेना. शेवटी सेटनने त्याची जोडीदारीण ब्लँका मारली. तिला शोधत आलेला लोबो सापळ्यात अडकला आणि जानेवारी १८९४ मध्ये मेला. ही शिकार सेटनला कायमची लागली. पुढे तो सहीसोबत लांडग्याच्या पंजाचा ठसा काढायचा.

या गोष्टींच्या पुस्तकाने तो प्रसिद्ध झाला, पैसा आला, कनेटिकटमध्ये मोठी जागा घेतली. कुंपण घातल्यावर गावातली पोरं चिडली. कुंपण तोडलं, गेटवर घाण चित्रं काढली. पोलिसात जायचं सोडून १९०२ मध्ये सेटन थेट शाळेत गेला आणि पोरांना आपल्या जागेवर कॅम्पला बोलावलं. खाणं, पोहणं, रात्री शेकोटीभोवती गोष्टी.

यातून 'वुडक्राफ्ट इंडियन्स' उभी राहिली. इथला नियम भारी होता. दुसऱ्याला हरवायचं नाही, ठरलेली पातळी गाठायची. लाकडावर लाकूड घासून आग पेटवली की मान मिळाला. शेजाऱ्यालाही जमलं तर त्यालाही मिळाला. शाळेत स्काऊटच्या तासाला गाठी मारून दाखवलेल्यांना हे लगेच कळेल.

जमात, सरदार, पिसं हे सगळं त्याने अमेरिकेच्या मूळ रहिवाशांकडून उचललेलं. यावर आज आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. पण लोक त्यांना रानटी म्हणत होते, तेव्हा सेटन त्यांना पोरांपुढे आदर्श म्हणून ठेवत होता, हेही खरं.

१९०६ मध्ये लंडनला तो बेडन-पॉवेलला भेटला, आपलं पुस्तक दिलं. १९०८ मध्ये बेडन-पॉवेलचं स्काऊटिंगचं पुस्तक आलं आणि जगभर गाजलं. आपल्या कल्पना घेतल्या, पण श्रेय दिलं नाही, ही सल सेटनला राहिली. तरी १९१० मध्ये अमेरिकेत बॉय स्काऊट्स सुरू झाली तेव्हा तो तिचा पहिला चीफ स्काऊट झाला. पहिलं हँडबुकही त्याच्याच नावावर. १९११ च्या हँडबुकात ५७ मेरिट बॅज होते.

मग खटके उडाले. सेटनला रानातलं शिक्षण हवं होतं, लष्करी वळण नको होतं. संस्थेचे कारभारी जेम्स वेस्ट यांच्याशी त्याचं जमेना. त्यात महायुद्ध पेटलेलं आणि सेटन अजून ब्रिटिश नागरिक. हेच निमित्त झालं आणि १९१५ मध्ये तो बाहेर पडला. गंमत म्हणजे १९२६ मध्ये याच संस्थेने त्याला सिल्व्हर बफेलो हा मोठा सन्मान दिला.

तो शेवटी परत गेला न्यू मेक्सिकोत, लोबोच्या राज्यात. १९३१ मध्ये अमेरिकन नागरिकत्व घेतलं आणि १९४६ मध्ये तिथेच वारला. १९६० मध्ये, जन्माला शंभर वर्षं झाल्यावर, त्याच्या मुलीने आणि नातवाने विमानातून त्याची राख तिथल्या डोंगरांवर सोडली.