पैशाचं शास्त्र आणि वकिलीची सनद

कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपने कित्येक घरांना भाकरी दिली. त्या घरांतली पोरं आता बी.कॉम. होतात आणि विचारतात, पुढं एम.कॉम. करावं, एम.बी.ए. करावं, की सी.ए.च्या मागं लागावं? पदवी मोठी की व्यवसायाची सनद? प.पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण घटनाकार म्हणून ओळखतो, पण त्यांचं मूळ शिक्षण पैशाच्या शास्त्राचं. हा पेच त्यांच्याही वाट्याला आला होता.

1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. सार्वजनिक अर्थकारणाचे नामांकित प्राध्यापक सेलिग्मन यांच्या हाताखाली ते शिकले व 1915 मध्ये एम.ए. झाले. 1916 ला लंडनला आले तेव्हा त्यांनी एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घातलं. अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि दोन्ही अर्धवट टाकून 1917 साली परतावं लागलं.

करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. पुढं त्यांना अर्थमंत्री करावं, असा महाराजांचा मानस होता. पण कोलंबियाच्या त्या पदवीधराला कचेरीत शिपाई लांबून कागद फेकायचा, आणि पारशी धर्मशाळेतून तर लोकांनी सामानासकट बाहेर काढलं. मग मुंबईत त्यांनी शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा धंदा मांडला. सल्ला चांगला होता, गिऱ्हाईकंही येऊ लागली. जात कळली आणि गिऱ्हाईक तुटलं! विद्या अंगात होती, पण ती विकत घेणाऱ्याच्या मर्जीवर सगळं अडलं होतं.

नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पगारातून काटकसर करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत व मित्र नवल भथेना यांचं कर्ज घेतलं आणि 1920 साली ते पुन्हा लंडनला निघाले. एक अभ्यास सोडून दुसरा पुरा केला असता तर खर्च कमी झाला असता. बाबासाहेबांनी दोन्ही पुरे केले. 1921 ला एम.एस्सी., 1922 ला बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी सुधारायला परत पाठवला, तो मुंबईत बसून पुन्हा लिहिला आणि 1923 अखेर डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध छापून दिल्यावर 1927 साली हाती आली. पदवीला असा वेळ लागतो, हे पोरांनी ध्यानात घ्यावं.

उच्च न्यायालयात वकिली सुरू करायची तर सनदेच्या फीलाही पैसे नव्हते, तेव्हा भथेनाच धावून आले. अस्पृश्य बॅरिस्टरकडं खटले सहजासहजी येत नव्हते, म्हणजे सनदेनंही जात पुसली नाही. पण आता कुणी नोकरीवरून काढील ही भीती उरली नाही. चळवळीला लागणारी मोकळीक या व्यवसायानंच दिली, असं मला वाटतं. घर चालावं म्हणून 1925 ते 1928 ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवीत. म्हणजे हिशेबाचं शिक्षण घेणाऱ्या मुलांचे ते गुरुजीच!

अर्थशास्त्रही वाया गेलं नाही. डिसेंबर 1925 मध्ये हिल्टन यंग आयोगापुढं त्यांनी चलनावर साक्ष दिली. रुपये पाडण्याची सरकारची मोकळीक बंद व्हावी, किमती स्थिर राहाव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं, कारण महागाई वाढते तशी मजुरी वाढत नाही. रिझर्व्ह बँक त्यांच्याच पुस्तकातून निघाली, असं जयंतीच्या भाषणांत सांगतात, ते जरा ताणलेलं आहे. मध्यवर्ती बँकेची शिफारस त्या आयोगाची, आणि बँक 1935 साली सुरू झाली. पण पस्तिशीही न गाठलेल्या या विद्वानाला आयोगानं ऐकून घेतलं, हे काय थोडं आहे?

घटना करताना या दोन्ही विद्या एकत्र कामाला आल्या. केंद्र-राज्यांच्या पैशाच्या वाटपासाठी वित्त आयोग आला. सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकाला तर ते घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी मानीत. त्याच 1949 साली चार्टर्ड अकाउंटंट कायदाही झाला. आणि 1953 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढलं.