कृपाबाई सत्यनाथन : अल्पायुष्याचे सार्थक

इंग्रजीत कादंबरी लिहिणाऱ्या आद्य भारतीय स्त्रियांमध्ये ज्यांची गणना होते, त्या कृपाबाई सत्यनाथन मूळच्या अहमदनगरच्या. तेथे १४ फेब्रुवारी १८६२ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील हरिपंत खिस्ती व आई राधाबाई यांनी ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. कृपाबाईंच्या बालपणीच पितृछत्र हरपले. थोरले बंधू भास्कर यांनी त्यांना वाचनाची व विचाराची गोडी लावली. परंतु तेही अकाली गेले.

वैद्यकशास्त्र शिकून आपल्या भगिनींची सेवा करावी, हा त्यांचा ध्यास होता. इंग्लंडला जाण्याची संधी नाजूक प्रकृतीमुळे सोडावी लागली. मद्रास, म्हणजेच आजच्या चेन्नईच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ मध्ये स्त्रियांना द्वार खुले केले होते. १८७८ साली कृपाबाई तेथे दाखल झाल्या. रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन यांच्या घरी राहून त्यांनी पहिल्या वर्षी उज्ज्वल यश मिळवले. मात्र प्रकृती खालावली आणि वैद्यक कायमचे सुटले.

पुढे रेव्हरंडांचे केंब्रिजहून शिकून आलेले पुत्र सॅम्युएल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीसमवेत उटकमंड येथे असताना त्यांनी मुस्लिम मुलींसाठी शाळा काढली. १८८६ मध्ये उभयता मद्रासला आले. स्वतःच्या जीवनावर बेतलेली त्यांची ‘सगुणा’ ही कादंबरी १८८७-८८ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली.

याच काळात त्यांचे एकुलते एक अपत्य वर्षाचेही न होता दगावले. त्या आघाताने खचलेल्या शरीराला क्षयाने ग्रासले, आणि हा आजार बरा होणारा नाही हे त्यांना कळून चुकले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. अशा स्थितीत मद्रासला परतून त्यांनी ‘कमला’ ही कादंबरी हाती घेतली. आपण ख्रिस्ती असूनही एका हिंदू स्त्रीच्या सुखदुःखांची कथा त्यांनी आत्मीयतेने लिहिली आणि देह झिजत असताना ती पूर्णत्वास नेली. ३ ऑगस्ट १८९४ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी मद्रास येथे देह ठेवला.

कृपाबाईंची श्रद्धा हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. वैद्यक सुटले तेव्हा त्यांनी शाळा काढली, मूल गेले तेव्हाही लेखणी टाकली नाही. त्यांच्या निधनानंतर मद्रासच्या त्याच वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थिनींसाठी त्यांच्या नावे शिष्यवृत्ती सुरू झाली. जे शिक्षण त्यांना अर्ध्यावर सोडावे लागले, ते पुरे करण्यास इतर मुलींना त्यांच्या नावाचा हातभार लागला.